बेदाणे, दालचिनी आणि रुसलेलं यीस्ट

साधा पाव घरी छान जमतो. मग एके दिवशी त्याच प्रमाणात मूठभर बेदाणे, वाढीव साखर आणि सढळ हाताने दालचिनी पडते आणि दोन तास झाले तरी पिठाचा गोळा जागचा हलत नाही. भाजून निघते ती वीट. दोष हमखास यीस्टवर ढकलला जातो: जुनं असेल, पाणी जास्त गरम झालं असेल. बहुतेकदा यीस्ट ठणठणीत असतं. पण फळांच्या मसालेदार पावाला चव आणणारी जवळपास प्रत्येक गोष्ट त्याच्या मुळावर उठलेली असते. त्यामुळे हा पाव करताना काय घालायचं यापेक्षा केव्हा घालायचं, हा प्रश्न मोठा.

आधी साखरेचं पाहू. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्या वायूने पीठ फुगतं. मग साखर वाढवली की पाव जास्त फुगायला हवा. थोड्या साखरेपर्यंत ते खरंही आहे. मैद्याच्या वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्क्यांपुढे मात्र गणित उलटतं. चिरलेल्या काकडीवर मीठ टाकलं की तिला पाणी सुटतं, तसंच गोड पिठात यीस्टच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. जीव वाचवायला पेशी ग्लिसरॉल तयार करून आत साठवते आणि पाणी धरून ठेवते. त्यात तिची शक्ती खर्ची पडते, वायू कमी सुटतो. गोड पिठासाठी म्हणून वेगळं यीस्ट मिळतं, ते हा ताण जास्त चांगला सोसतं. ते नसेल तर नेहमीचं यीस्ट थोडं वाढवावं आणि घड्याळाकडे बघणं सोडावं. गोळा दुप्पट झाला की झाला, मग कृतीत काहीही वेळ लिहिलेली असो.

बेदाणे हिशेबात धरायचे राहून जातात. त्यांच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असते. 500 ग्रॅम मैद्यात 60 ग्रॅम साखर आणि 150 ग्रॅम बेदाणे घातले, तर खरी साखर 60 ग्रॅमच्या दुपटीहून अधिक होते. बेदाणा अखंड असेपर्यंत त्याची साखर बरीचशी सालीच्या आत कोंडलेली असते, म्हणून निभावतं. सुरुवातीलाच पिठात घालून दहा मिनिटं मळलं, की साली फाटतात, पिठात करड्या रेघा उमटतात, आतला चिकट रस बाहेर येतो आणि गोळा सैल पडतो. त्यासाठी पीठ आधी पूर्ण मळून घ्यायचं. चिमूटभर गोळा बोटांनी ताणला तर न फाटता पातळ पडदा झाला पाहिजे. मग तो ओट्यावर थापायचा, फळं पसरायची, घडी घालायची, पुन्हा थापायचं. तीन-चार घड्यांत फळं सगळीकडे जातात.

कोरडी फळं तशीच घातली तर दुसरी अडचण. बेदाण्यात पाणी जेमतेम 15 टक्के, तर पिठाच्या गोळ्यात 40 टक्क्यांच्या आसपास. साहजिकच बेदाणे भोवतालचं पाणी पितात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळचा पाव कोरडा लागतो. कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून, निथळून, फडक्यावर चांगले टिपून घ्यायचे. केशरी रंगाचे सुके जर्दाळू तर धुवावेतच. तो रंग टिकवायला त्यांना गंधकाचा धूर दिलेला असतो आणि उरलेली गंधकाची संयुगं यीस्टला सोसत नाहीत. ताजा अननस, पपई किंवा किवी पिठात नकोच. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) ग्लुटेनची, म्हणजे पीठ ताणून धरणाऱ्या प्रथिनांची, जाळी तोडतात. शिजवलेला अननस चालतो, कारण उष्णतेने विकर निकामी होतं.

आता मसाले, म्हणजे खरा खलनायक. दालचिनीतलं सिनॅमल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल ही झाडांची संरक्षणाची हत्यारं आहेत. ती जंतूंवर चालतात तशी बुरशीवरही, आणि यीस्ट बुरशीच. चार कप मैद्याला सपाट एक चहाचा चमचा दालचिनी, याच्या फार पुढे पिठात जाऊ नये. लवंग तर चिमटीनेच. घरच्यांना दालचिनी झणझणीत हवी असेल तर ती पिठात न मिसळता लाटलेल्या पोळीवर साखरेबरोबर भुरभुरावी आणि गुंडाळी करावी. यीस्टशी तिचा संबंध फक्त त्या थरापुरता येतो. मात्र या थराजवळ भाजताना वाफ साठते आणि कापल्यावर पाव गुंडाळीच्या रेषेत सुटा होतो. पोळीवर लोणी लावलं तर आणखीच, कारण तूप-लोण्याने थर एकमेकांना चिकटत नाहीत. त्याऐवजी फेटलेलं अंडं किंवा नुसता पाण्याचा हात पुरतो.

मसाल्यांचा वास घरभर दरवळला की सगळे खूश होतात, पण दरवळला तो पावातून गेला. ही संयुगं उडून जाणारी आहेत आणि पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगली विरघळतात. म्हणून वेलदोडा-जायफळाची पूड कोमट लोण्यात कालवून ठेवावी. पीठ मळत आलं की ते लोणी थोडं थोडं घालावं. लोणी आधीच घातलं तर ते मैद्याच्या कणांवर पसरतं आणि ग्लुटेन नीट धरत नाही.

भाजताना साखर पुन्हा आडवी येते. पावावर चढणारा तांबूस रंग हा बराचसा साखर आणि प्रथिनं यांच्यातल्या अभिक्रियेचा. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती 1912 मध्ये मांडली. गोड पिठात ती फार झपाट्याने होते. वरून करपलेला, आतून कच्चा पाव हा तिचाच प्रताप. साध्या पावाला 220 अंश सेल्सिअस चालतात, याला 180 पुरे. वर डोकावणारे बेदाणे बोटाने आत ढकलावेत, रंग लवकर चढला तर वरून फॉइल टाकावी. अंदाज रंगावरून बांधू नये: पावाच्या पोटात थर्मामीटर खुपसल्यावर 90 ते 95 अंश दिसले की तो झाला.

उरलेला पाव फ्रिजमध्ये टाकायची सवय मोडायला हवी. पाव वातड होतो तो केवळ सुकून नव्हे. बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1852 मध्येच दाखवलं होतं, की पाणी उडू न देता बंद करून ठेवलेला पावही शिळा होतो आणि पुन्हा तापवला की मऊ येतो. भाजताना फुललेला स्टार्च थंड झाल्यावर परत स्फटिकरूप घेऊ लागतो आणि फ्रिजच्या तापमानाला तर हे सर्वांत वेगाने घडतं. त्यापेक्षा पूर्ण गार झाल्यावर काप करून थेट फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे गरम करावेत. टोस्टरमध्ये बेदाणे तारांना चिकटून जळतात, तेव्हा हे काप तव्यावर मंद आचेवरच बरे.