एमएसटी रडार

मध्यांबर, स्थितांबर व तपांबर या थरांतील वारे जमिनीवरून मोजणारे, सुमारे ५० मेगॅहर्ट्झ कंप्रतेचे रडार. नाव थरांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. पावसाच्या रडारला थेंब लागतात, याला निरभ्र आकाशही चालते: संक्षोभाने (हवेच्या खळबळीने) प्रणमनांकात, म्हणजे हवा तरंग किती वाकवते त्या मापात, जे बारीक चढउतार होतात, त्यांपैकी तरंगलांबीच्या निम्म्या मापाचे चढउतार प्रतिध्वनी परत पाठवतात.

पद्धतीचा उगम बहुधा पेरूतील हिकामार्का येथील वुडमन व गियेन यांच्या निरीक्षणांत (१९७४) मानतात. रेडिओ तरंगांनी वरचे वारे मोजणे मात्र त्याहून जुने. एस. एन. मित्रा यांनी १९४९ च्या सुमारास, अंतरा-अंतरावर ठेवलेल्या ग्राहकांवर संकेताची क्षीणता (ताकद कमी-जास्त होणे) किती उशिराने पोचते त्यावरून आयनांबरातील (वरच्या विद्युतभारित थरातील) प्रवाह काढला. त्यात सरकते ती हवा की नुसता तरंगांचा आकृतिबंध, हा वाद दीर्घकाळ चालला. खालच्या उंचीवर तो वाराच असावा, हे मत अधिक ग्राह्य. सुमारे ९० किमी.च्या वरची मूल्ये जपून वापरावीत. कोल्हापूरचे १.९८ मेगॅहर्ट्झचे रडार मित्रांच्या या पद्धतीच्या वंशातले, एमएसटी नव्हे.

तिरुपतीजवळील गादंकीचे रडार ५३ मेगॅहर्ट्झचे. मूळ रचनेत सुमारे १३० मी. बाजूच्या चौरसात ३२ × ३२, म्हणजे १,०२४ यागी अँटेना, कमाल शक्ती २.५ मेगॅवॉट, शलाका (रेडिओ तरंगांचा झोत) सुमारे ३ अंशांची. शलाका क्रमाने शिरोबिंदूकडे (सरळ वर) आणि चारही दिशांना १० अंश कलती ठेवतात. २० मी./से. पूर्व-पश्चिम वाऱ्याचा कलत्या शलाकेवर पडणारा घटक जेमतेम ३.५ मी./से., म्हणजे डॉप्लर सरकाव (गतीमुळे प्रतिध्वनीच्या कंप्रतेत पडणारा फरक) सुमारे १.२ हर्ट्झ. दोन स्पंदांत १ मिलिसेकंद अंतर ठेवून ६४ स्पंदांचे प्रतिध्वनी एकत्र जोडले, तर मोजता येणारा सरकाव ±७.८ हर्ट्झ (शलाकेच्या दिशेने ±२२ मी./से.) एवढाच, त्यापलीकडचा वेग उलट चिन्हाने उमटतो.

आजूबाजूच्या टेकड्यांचा परावर्तित संकेत, टेकड्या स्थिर असल्याने, वर्णपटात (सरकावानुसार मांडलेल्या आलेखात) शून्य हर्ट्झवर उभा राहतो. तेथील बिंदू काढून शेजारच्या बिंदूंवरून भरतात, पण त्यात मंद ऊर्ध्व गतीही पुसली जाते. दुसरा दोष अधिक फसवा. स्थिर, आडव्या थरांतून शिरोबिंदूकडील प्रतिध्वनी जास्त बलवान येतो. त्यामुळे १० अंशांची शलाका प्रत्यक्षात कमी कोनाने पाहते व वारा खरा असतो त्यापेक्षा मंद दिसतो.

साधारण ३० ते ६० किमी. पट्ट्यात प्रतिध्वनी मिळत नाहीत: तेथे हवा विरळ, आणि त्याहून वर मध्यांबरात प्रतिध्वनी ज्यांच्यामुळे मिळतात ते इलेक्ट्रॉनही अपुरे. मध्यांबरातील प्रतिध्वनीही मुख्यतः दिवसाचेच. मधल्या पट्ट्यासाठी केरळातील थुंब्याहून सोडलेल्या आरएच-२०० अग्निबाणांनी विखुरलेल्या तांब्याच्या बारीक तंतूंचा माग काढून वारे मोजले गेले.