स्तनातील गाठींचे सोनोग्राफी-निदान

स्तनातील गाठ साधी आहे की कर्करोगाची, याचा अंदाज श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मिळणाऱ्या प्रतिमेवरून बांधण्याची पद्धत. तीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. म्हणून तिशीच्या आतील आणि गरोदर स्त्रियांना गाठ हाताला लागली की बहुधा हीच तपासणी आधी करतात.

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जॉन वाइल्ड आणि जॉन रीड यांनी असे प्रयोग केले. पुढे बराच काळ गाठ पाण्याची की भरीव, एवढेच सोनोग्राफीला विचारले जाई. थॉमस स्टाव्रॉस व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ७५० भरीव गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ही मर्यादा ओलांडली गेली. प्रतिमेवरून त्यांनी साध्या ठरवलेल्या ४२६ गाठींपैकी कर्करोगाच्या निघाल्या फक्त दोन.

सर्वांत बोलके लक्षण म्हणजे गाठीची ठेवण. स्तनातील ऊतींचे थर त्वचेला समांतर असतात. फायब्रोअ‍ॅडेनोमासारखी साधी गाठ त्या थरांना बाजूला सारत वाढते, त्यामुळे ती आडवी, लंबगोल आणि पातळ आवरणाची दिसते. कर्करोग थर भेदत जातो. त्याची गाठ रुंदीपेक्षा उंच असू शकते, कडा टोकदार किंवा काटेरी होतात. भोवतीच्या घट्ट तंतूंमुळे ध्वनी अडला तर गाठीमागे काळी सावली पडते. पाण्याच्या गाठीमागचा भाग याउलट अधिक उजळ दिसतो.

तरीही प्रतिमा फसवते. ट्रिपल-निगेटिव्ह (संप्रेरकांचे दोन व ‘हर-२’ हा तिसरा, असे तिन्ही ग्राही नसलेला) कर्करोग कधी गोल, गुळगुळीत कडांचा असतो आणि साध्या गाठीत खपून जातो. आपल्याकडे आढळणारा स्तनाचा क्षयरोग उलट कर्करोगासारखा दिसतो. कर्करोगाची खूण असू शकणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण टिपण्यात मॅमोग्राफीच, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणीच, सरस.

अहवालातील ‘बायरॅड्स’ ही कर्करोगाचा संशय किती हे सांगणारी श्रेणी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची आहे. श्रेणी ३ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते, श्रेणी ५ मध्ये ती किमान ९५ टक्के. श्रेणी ४ ची व्याप्ती या दोहोंमधली, म्हणजे फार मोठी. म्हणून ‘४अ’, ‘४ब’, ‘४क’ या चढत्या संशयाच्या उपश्रेणींपैकी काय लिहिले आहे, हे रुग्णाने आवर्जून विचारावे. चौथ्या-पाचव्या श्रेणीत सोनोग्राफीच्याच मार्गदर्शनाखाली सुईने तुकडा काढून तपासतात (बायोप्सी). प्रतिमा संशयास्पद आणि बायोप्सी निर्दोष, असा विसंवाद आढळल्यास तुकडा पुन्हा घ्यावा लागतो किंवा गाठच काढून तपासतात.