मदरबोर्डवरची प्रत्येक जागा कुठून आली?

मदरबोर्ड समोर ठेवला की 'हा प्रोसेसर, ही रॅम, हे स्लॉट' एवढं कुणीही दाखवतं. पण ती वस्तू तिथेच का बसवली, हे कळलं तरच बोर्ड खरा समजतो, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

जानेवारी १९७५मध्ये गाजलेल्या अल्टेअर ८८०० या संगणकात सगळं काही स्लॉटमध्ये उभ्या केलेल्या कार्डांवर होतं. प्रोसेसरसुद्धा एका वेगळ्या कार्डावर. खालचा बोर्ड फक्त त्या कार्डांना एकमेकांशी जोडायचा. १९७७च्या ॲपल टू मध्ये प्रोसेसर आणि मेमरी मुख्य बोर्डावरच आली आणि बाकीच्या सोयींसाठी आठ स्लॉट मोकळे ठेवले गेले.

आजच्या पीसीची खरी वंशावळ मात्र १२ ऑगस्ट १९८१ला सुरू होते. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूने तयार केलेला आयबीएम पीसी त्या दिवशी जाहीर झाला. ४.७७ मेगाहर्ट्‌झचा इंटेल ८०८८ प्रोसेसर, किमान १६ किलोबाइट मेमरी आणि पाच स्लॉट. पडदा, प्रिंटर, फ्लॉपी अशा गोष्टींसाठी कार्डं घालावी लागत. त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळही नव्हतं, म्हणून मशीन सुरू केलं की डॉस ही त्याची ऑपरेटिंग सिस्टीम दर वेळी तारीख आणि वेळ विचारायचं. १९८४च्या आयबीएम एटीमध्ये ही अडचण बॅटरीने सोडवली. आज बोर्डावर दिसणारा नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल त्या बॅटरीचाच वारस. मशीन रोज जुनी तारीख दाखवायला लागलं, तर आधी हा सेल बदलून बघावा.

आयबीएमने पीसीच्या बोर्डाचा नकाशा आणि बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामचा, कोडही तांत्रिक पुस्तिकेत छापला होता. स्लॉटला चालेल असं कार्ड त्यावरून कुणालाही बनवता आलं. बायोसवर मात्र कॉपीराइट होता. कॉम्पॅक कंपनीने १९८२मध्ये स्वतःचा बायोस नव्याने लिहून तो अडसर ओलांडला, आणि पुढे फिनिक्ससारख्या कंपन्या तयार बायोस विकू लागल्या. सुटे भाग आणून पीसी जुळवण्याचा आपल्याकडचा सगळा धंदा याच वाटेने उभा राहिला.

आयबीएम एटीच्या धर्तीच्या बोर्डांना वीज देणारे पी८ आणि पी९ असे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी बसायचे. अदलाबदल झाली तर बोर्ड जळू शकायचा. म्हणून जुळणी शिकवताना पहिला धडा असे: काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स ही बोर्डाची नवी रचना आणली आणि उलटा बसूच शकणार नाही असा एकच कनेक्टर आला. लांब कार्डांच्या आड येणारा प्रोसेसर बाजूला सरकला, कीबोर्डपासून प्रिंटरपर्यंतची पोर्ट मागच्या पट्टीत एकत्र आली आणि विंडोजमधून शटडाउन केल्यावर मशीन आपोआप बंद होऊ लागलं. ३०५ बाय २४४ मिलिमीटरचं ते माप आजही चालतं. माझ्या मते मदरबोर्डच्या इतिहासातली सर्वांत शहाणी सुधारणा हीच.

स्लॉटच्या पिढ्या भराभर बदलल्या: आयएसए, १९९२मध्ये पीसीआय, नंतर ग्राफिक्ससाठी एजीपी, २००३पासून पीसीआय एक्स्प्रेस. यूएसबीच्या जडणघडणीत प्रमुख असलेले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. एजीपी आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या कामातही ते होते.

आणि जुन्या बोर्डांवर दिसणारा नॉर्थब्रिज? प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांच्या मधला दुवा असलेली ही चिप. २००३मध्ये एएमडी या प्रोसेसर कंपनीने मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्येच घातला, २००८मध्ये इंटेलनेही तेच केलं. पुढे ग्राफिक्स स्लॉटची जोडणीही थेट प्रोसेसरकडे गेली आणि नॉर्थब्रिजला काम उरलं नाही. साऊथब्रिज या तिच्या जोडीच्या चिपची साटा (डिस्कची जोडणी), यूएसबी अशी कामं मात्र आजही एक चिप करते. स्लॉटांच्या बाजूला, खालच्या कोपऱ्याकडे जो चपटा हीटसिंक (उष्णता घालवणारा धातूचा तुकडा) दिसतो, त्याच्याखाली ती असते.