किर्लोस्करवाडीचा कारखाना

किर्लोस्करवाडी (ता. पलूस, जि. सांगली) हा बिडाचे (ओतीव लोखंडाचे) ओतकाम व यंत्रकाम करणारा किर्लोस्कर घराण्याचा कारखाना आणि त्याभोवतीची वसाहत. सुरुवात मात्र बेळगावात, १८८८ मध्ये, सायकलच्या दुकानातून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत असताना तिथून सायकली पाठवत. थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत.

पुढे दुकानाचा कारखाना झाला आणि कडबा कापण्याचे यंत्र निघाले. यात जड चाकाच्या आऱ्यांना पाती बसवलेली असतात. पाते तोंडाच्या पट्टीला जवळजवळ घासून गेले पाहिजे. फट वाढली की ताटे कापली न जाता चेंबतात आणि चाक जड जाते. अशा वेळी माणूस पात्याला धार लावत बसतो, खरे तर पात्याचा बोल्ट आवळायचा असतो.

१९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे तो खपायला दोन वर्षे गेली, असे नेहमी सांगतात. ते खरे, पण अपुरे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर नीट करून देई. ओतीव फाळ तुटला तर लोहाराला तो सांधता येत नसे. नवा फाळ कारखान्यातूनच आणावा लागे. सुटा भाग वेळेवर मिळणार नसेल, तर असा नांगर शेतकऱ्याने का घ्यावा?

ओतकामात वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना फुटामागे सुमारे एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोठा करतात, कारण बीड थिजताना तेवढे आकसते. साच्याची वाळू जास्त ओली राहिली तर वाफ कोंडून मालात पोकळ्या पडतात, आणि त्या बहुधा लेथवर (माल फिरवत कातायच्या यंत्रावर) वरचा थर निघाल्यावरच दिसतात. फाळाची धार टणक हवी असेल तर साच्यात त्या बाजूला लोखंडी ठोकळा ठेवतात. तिथला रस झटकन गार होऊन कठीण होतो. ही कठीण साल फार खोल गेली की फाळ दगडावर आपटून काचेसारखा उडतो.

बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंग तोडून वाडी उभी राहिली. यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकर बघत, वसाहत रामूअण्णा. रखवालीला एकेकाळचे शिक्षा झालेले दरोडेखोर ठेवले होते, आणि ते विश्वासाने टिकले. पहिल्या महायुद्धात बीड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवायला जुन्या तोफा दिल्या.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ कंपनी स्थापन झाली. अमेरिकेत शिकून आलेले लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये कामात आले. फिरत्या पंख्याने पाणी फेकणारा सेंट्रिफ्युगल पंपही त्याच वर्षीचा. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारा कारखाना आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला तेल-इंजिनांचा कारखाना सुरू झाला. गांधीहत्येनंतर झालेल्या १९४८ च्या जाळपोळीत वाडीचे मोठे नुकसान झाले, तरी काम पुन्हा उभे राहिले.

वाडीत आजही पंप बनतात. विहिरीवर असा पंप पाणी धरत नसेल तर आधी तळाची फूट-व्हॉल्व्ह (पाइपातले पाणी खाली परतू न देणारी झडप) पाहावी: कचरा अडकला की ती गळते, पाइप रिकामा होतो आणि पंखा नुसती हवा घुसळत राहतो.