इंजेक्टर बदलायच्या आधी जरा हे वाचा

शटर वर जायच्या आत फोन येतो, "चारी इंजेक्टर गेलेत म्हणे, बदलायला किती घ्याल?" गेलेत हे ठरवलं कुणी तर गल्लीतल्या मिस्त्रीनं, आणि कशावरून तर सकाळी सेल्फ लांब मारायला लागतोय म्हणून. म्हणून आधीच सांगून टाकतो, टेस्ट केल्याशिवाय आम्ही इंजेक्टर, म्हणजे इंजिनमधे डिझेल फवारणारा पार्ट, बदलत नाही, गिऱ्हाईकानं पैसे पुढं केले तरी नाही. आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातली माणसं, इथं मापाशिवाय पार्ट कुणी मशीनवर चढवत नाही, मग गाडीलाच अंदाजपंचे का?

जुनी डिझेल म्हणजे आमच्याकडं दोन जाती येतात. एक खरोखर जुनी, मेकॅनिकल पंपाची, आणि दुसरी कॉमन रेल, म्हणजे सीआरडीआय, सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतनं, म्हणजे रेलमधनं, प्रेशरचं डिझेल देणारी, जिला आता दहा-पंधरा वर्षं झालीत. रेलमधे आयडलला साधारण २५० ते ३०० बार प्रेशर असतंय आणि दाबली की या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत १६०० बारपर्यंत जातंय. तुमच्या टायरमधे हवा असते सव्वादोन बारच्या आसपास, त्यावरून काय ते समजा. एवढ्या प्रेशरचं डिझेल नोझलच्या टोकाला जी भोकं असतात, ०.१५ मिलिमीटरच्या आसपासची, काहींची त्याहून बारीक, त्यातनं धुक्यासारखं उडायला पाहिजे. धुक्याऐवजी धार लागली किंवा बंद झाल्यावर थेंब गळायला लागला की सगळी नाटकं सुरू होतात. काळा धूर, खटखट आवाज, आयडलला थरथर, एव्हरेज कमी, पीयूसीला नापास. थेंब लई दिवस गळत राहिला तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतंय, आणि न जळालेलं डिझेल खाली ऑइलमधे उतरतंय. म्हणून डिपस्टिक बघत जा, ऑइल कमी होणं समजू शकतो, पण लेव्हल वाढली आणि वासही डिझेलचा आला तर गाडी चालवू नका, टो करून आणा.

पण यातलं निम्मं दुसऱ्या कारणांनीही होतंय बरं का. चोक झालेला डिझेल फिल्टर, सप्लाय लाईनमधे हवा धरणं, थंड इंजिन गरम करणारे हीटर प्लग गेलेले, टर्बोचा पाइप फाटलेला, ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, कार्बननं जाम. फिल्टर बदलला आणि गाडी गपगुमान चालायला लागली असं आमच्याकडं कितीदा झालंय, आणि त्या गिऱ्हाईकाला आधी दुसरीकडं चार इंजेक्टरचं कोटेशन मिळालेलं असतंय.

टेस्ट आम्ही तीन टप्प्यांत करतो. आधी स्कॅनर लावून रेल प्रेशर आणि प्रत्येक सिलेंडरचं करेक्शन बघतो, म्हणजे इंजिन समान चालावं म्हणून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, कुठल्या सिलेंडरला डिझेल जास्त देतोय, कुठल्याला कमी करतोय ते. मग रिटर्न टेस्ट, ही समोर उभं राहून बघण्यासारखी असते. चारी इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या, म्हणजे जादा डिझेल टाकीकडं परत नेणाऱ्या, काढून चार पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं आयडलला ठेवायचं. चांगल्या इंजेक्टरच्या बाटल्या जवळपास सारख्या भरतात, आणि एखादीच दुप्पट भरली की तो इंजेक्टर आतनं झिजलाय, प्रेशर परत टाकीकडं सोडून देतोय. गाडी स्टार्टच होत नसेल तर हीच टेस्ट नुसत्या सेल्फवर करतो, कारण रेलमधे साधारण २०० बारच्या आसपास प्रेशर जमल्याशिवाय बऱ्याच गाड्यांचा ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, आणि एका गळक्या इंजेक्टरमुळं ते जमतच नाही. मग लोक पंप बदलून बसतात.

पण बाटल्या सारख्या भरल्या म्हणजे सगळं ठीक असंही नाही. रिटर्न टेस्टला फक्त गळती कळते, फवारा कसा पडतोय ते कळत नाही. पिएझो, म्हणजे विजेनं ताणणाऱ्या क्रिस्टलवर चालणाऱ्या, इंजेक्टरच्या बऱ्याच गाड्यांना तर रिटर्न लाईनमधेच थोडं प्रेशर लागतं, तिथं साध्या बाटल्या चालत नाहीत. म्हणून तिसरा टप्पा, इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर. तिथं आयडल, अर्धा लोड, फुल लोड आणि प्री-इंजेक्शन, म्हणजे मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा, असं प्रत्येक ठिकाणी किती डिझेल सोडतोय हे मोजून कंपनीच्या आकड्याशी लावतो. तो कागद तुम्हाला देतो, तुमचाच आहे.

मेकॅनिकल गाडीचं काम सोपं. हॅंड पंपवर नोझल लावायचा, दांडा मारायचा, किती बारला उघडतोय बघायचं, शिम, म्हणजे आतली पातळ चकती, बदलून प्रेशर सेट करायचं. चांगला नोझल करर्र करर्र असा बोलतो, बिघडलेला नुसता मुततो, माफ करा पण दुकानात असंच म्हणतात. नोझल बदलून काम भागतंय, खर्च फार नाही.

एक धोक्याची गोष्ट. जुन्या इंजिनला मिसिंग, म्हणजे कुठला सिलेंडर नीट काम करत नाही ते, शोधायला मिस्त्री चालू गाडीत एकेक पाइपचा नट ढिला करायचे. कॉमन रेलला हे चुकूनही करू नका. त्या प्रेशरचं डिझेल कातडीतनं आत घुसतं, बाहेरनं टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आतनं हात खराब होत जातो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि प्रेशरचं डिझेल घुसलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

काढताना खरी कसोटी लागते. मागच्या पावसाळ्यात गगनबावड्याकडची एक गाडी आली, बॉनेट उघडलं की चफ चफ चफ आवाज आणि डिझेल जळाल्याचा वास. कव्हर काढलं तर दोन नंबरच्या इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा कडक थर, चमच्यानं खरवडला तरी निघेना. आधीच्या कामात कुणीतरी इंजेक्टरखालचा, गॅस अडवणारा कॉपर वॉशर जुनाच परत बसवला होता, वीस-तीस रुपये वाचवायला. रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करून स्लाइड हॅमरनं हळूहळू काढला, इंजेक्टर बसायची सीट कटरनं साफ केली, मग नवा वॉशर. म्हणून आमच्याकडं वॉशर दर वेळी नवाच. आणि हेही सांगून ठेवतो, अडकलेला इंजेक्टर काढताना तुटू शकतो, मग हेड उतरवायला लागतंय. हे काम सुरू करायच्या आधी सांगतो आणि तुम्ही हो म्हटल्यावरच हात लावतो.

नवा टाकायचा का रिपेअर? साध्या सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या, बऱ्याच इंजेक्टरला नोझल आणि व्हॉल्व्ह बदलून बेंचवर सेट करता येतंय, पिएझोला शक्यतो नवाच. चारातला एकच खराब असेल तर एकच बदला, चार बदलायची सक्ती नाही, बाकीचे तीन बेंचवर पास झाले पाहिजेत एवढंच. नव्या इंजेक्टरवर त्याच्या मापाचा कोड छापलेला असतो, ज्या गाड्यांत कोडिंग आहे तिथं तो ईसीयूत भरायलाच पाहिजे, नाहीतर नवा टाकूनही गाडी खटखट करते आणि लोक म्हणतात माल डुप्लिकेट दिला. गाडी जुनी असेल तर आम्ही आधी कम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरात हवा किती दाबली जातेय ते, बघतो, तेच गेलेलं असेल तर इंजेक्टरवर पैसे घालू नका असं तोंडावर सांगतो.

इंजेक्टर साफ करायला टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटल्यांनी थोडी घाण निघते, झिजलेला पार्ट भरून येत नाही. त्यापेक्षा फिल्टर वेळेवर बदला, पावसाळ्यात त्याच्या खालच्या ड्रेनमधनं पाणी सोडा, ट्रॅक्टरसाठी कॅनमधे साठवलेलं डिझेल कारला घालू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या लोकांनी बघायला म्हणून सेल्फ मारून बघितल्या आणि पंपापासून नोझलपर्यंत पाणी ओढून घेतलं. पुरात गाडी बुडाली तर किल्लीला हात लावू नका, टाकी आणि फिल्टर रिकामं करूनच पुढं.

गाडी आदल्या रात्रीच आणून ठेवा, थंड इंजिनचा सेल्फ आम्हाला सकाळी स्वतः मारून बघायचा असतो. टाकीत निदान पाव डिझेल असू दे. काम झाल्यावर पन्हाळ्याच्या चढाला एक चक्कर मारूनच किल्ली देतो, आणि काढलेले इंजेक्टर सिलेंडरचा नंबर घालून पिशवीत डिकीत ठेवलेले असतात, ते मागायला लागत नाहीत.