मणक्यात ‘गॅप’ आलाय म्हणजे नेमकं काय?

कंबर धरली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मणक्यात गॅप आलाय.’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन मणके एकमेकांपासून दूर गेलेले दिसतात. मग तो गॅप ‘भरून’ देणारे मालीशवालेही भेटतात.

खरं तर गॅप असायलाच हवा. एक्स-रे उजेडासमोर धरून पाहा. पांढऱ्या चौकोनी मणक्यांच्या मधे काळसर पट्टे दिसतात. ती पोकळी नव्हे, तिथे चकती असते. चकतीत हाड नाही, म्हणून ती एक्स-रेत उमटत नाही, एवढंच. बाहेर चिवट तंतूंची कडी, आत पाणीदार मऊ गर. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके सुटे असतात; माकडहाडाकडचे एकमेकांना जुळून गेलेले. चकत्या साधारण २३. कवटी आणि पहिला मणका, पहिला आणि दुसरा, यांच्यामध्ये चकती नसते.

वय वाढतं तसं चकतीतलं पाणी घटतं, ती बसते आणि अंतर कमी होतं. म्हणजे तक्रार असलीच तर गॅप ‘कमी झाल्याची’, आपण बोलतो नेमकं उलट! आणि चकती साबणाच्या वडीसारखी सटकतही नाही. वरच्या-खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. कडी फुगते किंवा फाटते, गर बाहेर येतो आणि शेजारची नस दुखावली की कळ पायात उतरते. बऱ्याच जणांचा हा त्रास काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय ओसरतो. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.