अपिलातील तारणातून सूट (स्थानिक स्वराज्य संस्था)

अपिलातील तारणातून सूट : पैशाच्या हुकूमनाम्याविरुद्ध (रक्कम देण्याच्या न्यायालयीन निर्णयाविरुद्ध, डिक्रीविरुद्ध) अपील करून अंमलबजावणीला स्थगिती मागणाऱ्या पक्षाला एरवी न्यायालयात रक्कम भरावी लागते, किंवा बँक गॅरंटी, जामीन, मिळकतीचे तारण यांपैकी काही द्यावे लागते. स्थानिक स्वराज्य संस्थांना ही अट न लावण्याच्या तरतुदीस ही संज्ञा आहे.

अमेरिकेतील अनेक राज्यांत अशी सूट कायद्यानेच मिळते. टेक्सासमध्ये शहरे तारणाशिवाय अपील करू शकतात. कॅलिफोर्नियात काउंटी, शहरे व विशेष जिल्हे (पाणीपुरवठ्यासारख्या एखाद्या सेवेसाठी स्थापलेल्या स्थानिक संस्था) यांना सूट आहे. न्यूयॉर्कमध्ये राज्याने वा त्याच्या उपविभागाने अपिलाची नोटीस बजावताच स्थगिती आपोआप लागू होते. मात्र न्यायालय ती उठवू शकते. संघीय न्यायालयांच्या दिवाणी कार्यपद्धतीच्या नियम ६२ मध्ये सूट फक्त संघराज्य सरकार, त्याचे अधिकारी व खाती यांना आहे. शहरांचा त्यात उल्लेख नाही.

भारतात दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४१ (संहितेचा अपिलांविषयीचा भाग) याच्या नियम ७ मध्ये शासनाला सूट होती. १९३७ च्या अनुकूलन आदेशाने तो नियम वगळून तीच तरतूद आदेश २७, नियम ८-क म्हणून आणली गेली. तिच्या मुळाविषयी दोन मते आहेत. एका मते ही राजसत्तेच्या विशेषाधिकाराची खूण. दुसऱ्या मते, शासन दिवाळखोर होत नाही म्हणून तारणाची गरज नाही, एवढाच तिचा आधार. नियमाची शब्दरचना दुसऱ्या मताला अधिक जुळते : सरकारी अधिकाऱ्याला सूट मिळते ती शासनाने त्याच्याविरुद्धच्या दाव्यात बचाव स्वीकारला असेल तरच, म्हणजे मागे खजिना उभा असेल तेव्हाच.

नियम ८-ख मधील व्याख्येप्रमाणे ‘शासन’ म्हणजे केंद्र व राज्य शासन. नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद या स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असून त्यांचा निधीही वेगळा असतो. त्यामुळे ही सूट त्यांना आपसूक लागू होत नाही. शिवाय नियम ८-क मध्ये आदेश ४१ च्या नियम ५ व ६ मधील तारणाचाच उल्लेख आहे. त्याच आदेशातील रक्कम वा तारण मागणारा नियम १(३), आणि ते न दिल्यास स्थगिती नाकारणारा नियम ५(५), हे दोन्ही १९७६ च्या दुरुस्तीने नंतर आले.

गुजरातमधील सिहोर नगरपालिकेच्या प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रक्कम भरून घ्यावी की तारण घ्यावे हे अपील न्यायालयाने विवेकाने ठरवावे. पैशाच्या हुकूमनाम्याला सहसा स्थगिती देऊ नये, कारण अपील यशस्वी झाल्यास पैसे परत मिळवता येतात. पॅम डेव्हलपमेंट्स विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य (२०१९) या लवाद-निवाड्याच्या प्रकरणात न्यायालय याहून पुढे गेले : नियम ८-क कालबाह्य आहे, आणि तो लागू धरला तरी सूट तारणापुरती राहते, रक्कम भरण्याचा आदेश देण्यास त्याची आडकाठी नाही. छोट्या कंत्राटदाराचे बिल वर्षानुवर्षे अडकते तेव्हा हा फरक त्याच्या धंद्याच्या जिवावरचा असतो.

व्यवहारात संस्थांचे वकील चुकतात ते पहिल्याच पायरीवर. अपील दाखल होताच दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) थांबते असे गृहीत धरले जाते, आणि तोवर बँक खाते किंवा गाड्या जप्त करण्याचा आदेश निघतो. स्थगितीचा अर्ज स्वतंत्र द्यावा लागतो. त्यात भरीव नुकसान होईल हे दाखवावे लागते, अर्ज विनाविलंब असावा लागतो आणि तारणाची तयारी लागते. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. ती संपण्यापूर्वी मूळ न्यायालयाकडूनही तात्पुरती स्थगिती मागता येते. निधीची तरतूद, लेखा विभागाचा अभिप्राय आणि आवश्यक तेथे स्थायी समितीची मान्यता यांत हे दिवस सरतात, म्हणून निकालाची नक्कल मागवतानाच रकमेचा प्रस्ताव हलवणे इष्ट. उच्च न्यायालयांनी आपापल्या क्षेत्रापुरते या नियमांत केलेले फेरफारही तपासावे लागतात.

स्थगितीची अट म्हणून भरलेली रक्कम म्हणजे हुकूमनाम्याची फेड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे पैसे न्यायालयात पडून असतानाही संस्थेवर व्याज चढत राहू शकते.